मुनिरक्यातील कंदील

पाठ्यपुस्तक समितीच्या बैठकीसाठी दिल्लीस गेले की मी मुनिरक्याला भाच्याकडे उतरते. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरचे सज्जे एकमेकांना टेकायला आलेले. त्याच्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. गेल्या खेपेस माझ्यावर आणखी एक कामगिरी होती. नोकरी सोडून मोबाइलवरचा खेळ तयार करीत बसलेल्या या मुलाला कुडाळला परत आण, असे दादाने बजावले होते.

मी विषय काढण्यापूर्वीच त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. पडद्यावर कंदील घेतलेली एक मुलगी अंधाऱ्या वाड्यातून चालली होती. खेळातील अशा सपाट चित्राला ‘स्प्राइट’ म्हणतात. कंदील हलला की तिच्या गालावरचा उजेडही सरकत होता. हे कसे साधले? चित्रकार एरवी छाया रंगवूनच टाकतो. मग दिवा कोठेही न्या, ती जागची हलत नाही. म्हणून भाच्याने मूळ चित्र छायेविना ठेवले होते आणि त्याच्या जोडीला त्याच आकाराचे दुसरे, निळसर-जांभळे चित्र केले होते. हा ‘नॉर्मल मॅप’. त्यातील प्रत्येक बिंदूचा रंग त्या बिंदूचे तोंड कोणीकडे आहे ते सांगतो. तांबडा डावे-उजवे, हिरवा वर-खाली, निळा आपल्याकडे. दिव्याकडे तोंड असलेला बिंदू उजळतो, पाठ फिरवलेला काळवंडतो. हा हिशेब सेकंदाला अनेकदा होतो. दिवे वाढले की मोबाइल तापतो. म्हणून त्याने एका वेळी दोनच दिवे ठेवले होते.

“आत्या, हे पिंगुळीवरूनच सुचलं,” तो म्हणाला. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांची चित्रकथी सपाट रंगांची. त्यांच्या चामड्याच्या बाहुल्यांना उजेड मिळतो तो पडद्यामागच्या दिव्याचा. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा दादानेच आळीत पेढे वाटले होते!

इतक्यात पडद्यावरची मुलगी मागे वळली.

“अरे, कंदील पुढे आणि उजेड वेणीवर कसा?”

तो चपापला. डावीकडे चालणारी मुलगी म्हणजे उजवीकडचेच चित्र, आरशात दिसावे तसे उलटवलेले. चित्र उलटले होते. डावे-उजवे सांगणारे आकडे मात्र उलटायचे राहिले होते. चूक एका उणे चिन्हाची, पण ती शोधता शोधता रात्रीचे साडेअकरा वाजले. दादाचा फोन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा मी उचलला.

“थांब जरा,” मी म्हटले, “मुलगी वळते आहे.”