आमच्या घरातील दोन याद्या

गेल्या उन्हाळ्यात व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरी प्रथम साखर वाटली गेली आणि तासाभराने सर्वत्र एक प्रकारचे मौन पसरले. पुतणीला 84 मिळाले, एवढेच आमच्या मातुःश्रींच्या कानी पडले होते. त्यांच्या हिशेबी चौऱ्याऐंशी म्हणजे पहिल्या वर्गाच्याही वरचे यश. त्यांनी देवापुढे निरांजन लाविले होते.

"आजी, हे गुण नव्हेत, ही रांग आहे," पुतणीने समजावून सांगितले. "शंभरांतले चौऱ्याऐंशी माझ्या मागे आहेत, असा याचा अर्थ. आणि परीक्षेला बसणारे लाखाच्या वर असतात. म्हणजे सोळा हजारांहून अधिक माझ्या पुढे."

"मग शिवरात्रीला आपल्या देवळापुढे काय कमी रांग असते?" मातुःश्री म्हणाल्या. "उशिरा का होईना, दर्शन होतेच ना?"

ज्यांनी आमचे शिवमंदिर पाहिले आहे त्यांस ठाऊक असेल की, तेथला गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे आणि तो लहान आहे. पुतणी हसून एवढेच म्हणाली, "दर्शन सर्वांना होते, आजी, पण गाभाऱ्यात जागा मोजक्याच."

मुलगी आळशी खचित नव्हे. उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयातून तिने बी. कॉम. केले आणि एका हिशेबनीसाच्या कचेरीत दिवसभर काम करून रात्री अभ्यास केला. परंतु ही परीक्षा मोठी विलक्षण. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न सोडवावयाचे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापावयाचे नाहीत. म्हणजे ज्ञानाइतकीच चपळाई हवी आणि थोडे धाडसही. आमच्या कुळात हिशेब अचूक, पण सावकाश. हा गुण तिने माझ्याकडूनच उचलला असावा. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी तीस वर्षे काढली, आणि बेरीज दोनदा तपासल्यावाचून कागदावर सही केली नाही.

निकालाच्या रात्रीच मी लेखणी घेऊन बसलो आणि दहा संस्थांची यादी तयार केली. प्रथम जमनालाल बजाज संस्था. 1965 साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने ती चर्चगेट येथे स्थापिली. तेथे प्रवेश मिळावयाचा तर परीक्षेत नव्याण्णवच्याही बरेच पुढे असावे लागते. दुसरी सिडनॅमची, ज्या सिडनॅम महाविद्यालयाच्या नावाने ती ओळखली जाते, ते 1913 पासूनचे. तिसरी माटुंग्याची वेलिंगकर. पुढचीही नावे याच तोलाची. यादी वाचून वडील बंधूंनी मान डोलाविली, वहिनींनी ती देवघरातील पंचांगात ठेविली. जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता तिला कोणी काही विचारल्याचे मला स्मरत नाही.

चौऱ्याऐंशीस या जागा मिळणार नाहीत, हे न समजण्याइतका मी भोळा नव्हतो. म्हणून मी दुसरी वाट शोधिली. एका खासगी संस्थेची मोठी जाहिरात वृत्तपत्रांत येत असे. तिचे नाव येथे देत नाही. तेथे सामाईक प्रवेश प्रक्रियेवाचून, संस्थेच्या स्वतःच्या अधिकारात जागा मिळत होती. दोन वर्षांचे शुल्क अकरा लाख. वडिलांनी मागे ठेविलेली ठेव मोडावी आणि उरलेले कर्ज काढावे, असा बेत मी बंधूंच्या गळी उतरविला. धनादेशाचे पुस्तक खिशात घालून एके दिवशी मी पुतणीसह तेथे गेलो.

दालन संगमरवरी, हवा थंड, समोर कारंजे. एका तरतरीत तरुणाने आम्हांस सांगितले की, त्यांच्या विद्यार्थ्यांचे सरासरी वेतन वर्षाला नऊ लाख आहे. मी समाधानाने पुतणीकडे पाहिले. तिने नम्रपणे विचारले, "सरासरी नको, मधल्या विद्यार्थ्याचे वेतन सांगाल का? आणि एकंदर किती विद्यार्थ्यांपैकी कितींना नोकरी मिळाली?" तो तरुण क्षणभर थांबला आणि म्हणाला की, तो तक्ता सध्या छापावयास गेला आहे, मात्र जागा राखावयाची असल्यास पन्नास हजार आज सायंकाळपर्यंत भरावे लागतील.

तीस वर्षे ताळेबंद पाहिलेल्या माणसाला तो प्रश्न सुचू नये आणि बावीस वर्षांच्या मुलीला सुचावा, याची लाज मला परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत पुरली. दहा मुलांपैकी एकाला तीस लाख आणि नऊ जणांना तीन-तीन लाख मिळाले, तर सरासरी पाच लाख सत्तर हजार भरते. आणि ते पाच लाख सत्तर हजार प्रत्यक्षात कोणाच्याच हाती पडत नाहीत. धनादेश मी फाडला नव्हता, एवढेच.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुतणीने आपला कागद पुढे ठेविला. त्यावर सहाच नावे होती, आणि प्रत्येकासमोर चार रकाने. अंबरनाथहून पोहोचण्यास लागणारा वेळ आणि वाटेत बदलाव्या लागणाऱ्या गाड्या. मुंबई विद्यापीठाची पदवी की संस्थेची पदविका. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेले शुल्क. आणि मागील वर्षी शेवटची जागा कोणत्या गुणांस गेली. ठाण्याच्या चेंदणी बंदर रस्त्यावरील बेडेकर संस्था तिने वर घेतली होती. मी कारण विचारले.

"काका, अंबरनाथहून सुटणारी लोकल धरली तर बसावयास जागा मिळते. ठाणे स्टेशनावरून पायी जाता येते. जाता-येता दीड-पावणेदोन तास, त्यात अभ्यास होतो. चर्चगेटला रोज चार तास जातील."

"पण नाव?" मी म्हटले.

"नाव अकरा लाखांना विकत घेतले तर ते माझे नाही, कर्जाचे होईल," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शासनाने 2024 साली असा निर्णय केला आहे की, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि प्रवर्गाच्या अटींत बसणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ व्हावे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. संस्थेच्या अधिकारातील जागेस ती सवलत नाही. "आपण अटींत बसतो की नाही, हे तहसील कचेरीत जाऊन आधी पाहू. बाबांच्या पगाराचे कागद मी काढून ठेविले आहेत."

बंधू माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोललो नाही. 1985 साली मीही एका नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेस बसलो होतो आणि पहिल्या चाळणीतच गळलो होतो. घरी कोणी रागावले नाही; वडिलांनी दुसऱ्या महिन्यात कारखान्याची नोकरी पाहिली आणि तो विषय संपला. माझ्या यादीतील पहिली चार नावे मी त्या वेळी एका वहीत लिहिली होती. तीच नावे, त्याच क्रमाने. हे मी त्या रात्री त्यांस सांगितले. वहिनींनी उठून पंचांगातून माझा कागद काढला आणि मजजवळ दिला.

पसंतीक्रम भरावयाच्या दिवशी पुतणी मला म्हणाली, "तुमच्या यादीतले एक नाव सर्वांत वर घालते." मी नको म्हणालो, व्यर्थ एक जागा कशाला अडवावयाची! तिने सांगितले की, वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीस बाध येत नाही, कारण जागावाटप गुणानुक्रमे होते. धोका उलट आहे. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावीच लागते. म्हणून मनात नसलेले नाव तेथे लिहू नये. "जमनालाल बजाज मिळाली तर चार तासांचा प्रवासही मी करीन," ती म्हणाली. हे ती खरे बोलली की माझ्यासाठी, ते मी विचारले नाही.

जागा मिळाली ती तिसऱ्या पसंतीची, ठाण्याचीच. ठेव मोडली नाही; तहसील कचेरीत दाखल्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या आणि त्या मीच घातल्या. हल्ली पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागतो, वहिनी पोळ्यांचा डबा भरतात आणि मातुःश्री अंथरुणातूनच विचारतात, "गाडी वेळेवर आहे ना ग?"