फुसकी लाट आणि रुंद फळी : उल्हासकाठ ते देवबाग

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. तीन शहरे, एकच लोहमार्ग आणि एकाच नदीचे खोरे. उल्हास नदी खंडाळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापुरात येते आणि पुढे कल्याणजवळून जाऊन वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागी ८ ऑगस्ट १९४९ रोजी निर्वासितांच्या शहराची कोनशिला बसली, तेव्हा त्या शहरालाही या नदीचेच नाव मिळाले. अंबरनाथच्या शके ९८२ मधल्या शिवमंदिराला खेटून वालधुनी वाहते. म्हणजे पाणी आपल्या दाराशीच आहे. तरीही आपल्या चाळीत, वसाहतीत विचारून पाहा. नीट पोहता येणारी माणसे बोटांवर मोजावी लागतील.

याला कारणे आहेत. वालधुनीत कारखान्यांची रसायने आणि शहरांचे सांडपाणी इतकी वर्षे मिसळत आले आहे की तिच्यात पाय घालण्याची सोय राहिली नाही. बारवीचे धरण १९७२ सालचे, औद्योगिक विकास महामंडळाचे. ते आपल्या नळाला येणारे पाणी. तिथे खेळायचे नसते. राहिले बदलापूरचे कोंडेश्वर. तिथल्या कुंडात कामावरून सुट्टी घेऊन गेलेली तरणीताठी मुले बुडाल्याच्या बातम्या पावसाळ्यात वारंवार वाचायला मिळतात. वरून शांत दिसणारे पाणी आत किती खोल आहे, खडक कुठे आहे, हे काठावरून कळत नाही.

२७ जुलै २०१९ तर आपल्याकडे कोणी विसरणार नाही. उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. हजाराहून अधिक प्रवासी डब्यात आणि चहूकडे पाणी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी उपयोगी पडल्या त्या हवा भरलेल्या, रुंद, सपाट बुडाच्या रबरी होड्या. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आपल्या घरांची समुद्राशी ओळख बहुधा दादर चौपाटीवर होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाले की लेकरे वाळूकडे धावतात आणि आयाबाया त्यांना पाण्यापासून मागे ओढतात. तिथे उभे राहून लाट नीट पाहिली आहे का? ती दूर असताना बऱ्यापैकी वाटते. जवळ आली की उभी राहत नाही, माथ्यावरून फेस सांडत ढासळते आणि पायाशी येईपर्यंत तिच्यात काही जोर उरत नाही. अशा लाटेला आम्ही फुसकी लाट म्हणतो. दादरचे पाणी पोहण्याजोगे नाही. पण पावसाळा सोडला तर कोकणच्या पुष्कळ किनाऱ्यांवर लाट असते ती याच जातीची. तिच्यावर उभे राहून वल्हवायचा एक खेळ आहे, तो शिकायला आम्ही तीन घरची माणसे मालवणजवळच्या देवबागला गेलो.

देवबागच का?

बदलापूरहून लोकलने ठाणे, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून एस.टी.ने मालवण आणि पुढे तारकर्लीवरून देवबाग. बोचकी, डबे, लेकरे, सगळे बरोबर. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. नवशिक्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. काठाजवळच्या संथ खाडीत तोल शिकायचा, आणि तो साधला की पट्टी ओलांडून समुद्राच्या लहान लाटेवर परीक्षा द्यायची. संगमाच्या तोंडाशी मात्र जायचे नाही. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे ओढ फार असते.

खेळाचे नाव स्टँड-अप पॅडल. लांब फळीवर उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी मागे सारायचे. हवाईच्या वायकिकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला लाटांवर खेळायला शिकवणारे लोक असे उभ्याने वल्हवत. २००० नंतर हा खेळ जगभर पसरला. आपल्या देशाला मात्र तो अगदीच परका म्हणता येणार नाही. तामिळनाडूचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या ओंडके एकत्र बांधून त्यावरून लाटा ओलांडत आले. त्याला ते कट्टुमरम म्हणतात, म्हणजे बांधलेले लाकूड. इंग्रजांनी त्याचेच कॅटामरान केले. चेन्नईजवळच्या कोवलम गावात मूर्ती मेगवन या मच्छिमाराने गावातल्या मुलांना लाटेवर उभे राहायला शिकवले. कष्टकऱ्यांची मुले या खेळात मागे राहत नाहीत, एवढे यावरून कळते.

फळी कशी ओळखावी?

आमच्यात उल्हासनगर चार नंबरचा एक भाचा होता. त्याने पाहताक्षणी एक अरुंद, टोकदार, रंगीत फळी पसंत केली. फळ्या भाड्याने देणारे काका वयस्क, मूळचे मासेमारी करणारे. ते हसून म्हणाले, "ह्या लाटेत जीव नाय. रुंद फळी घेवा, ती तुमका पेलतली." भाच्याने हट्ट सोडला नाही, आणि पुढचा अर्धा तास त्याचे डोके पाण्याबाहेर कमी आणि पाण्यात जास्त दिसले. तेवढ्या वेळात बदलापूरच्या वहिनी, ज्यांनी आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नव्हता, रुंद फळीवर गुडघे टेकून खाडीत वीस हात पुढे गेल्या होत्या.

काकांच्या बोलण्यामागचे शास्त्र सोपे आहे. जोरदार लाट स्वतःच फळीला ढकलते, तेव्हा अरुंद फळी चपळ ठरते. फुसक्या लाटेत ढकलण्याची ताकदच थोडी. मग फळीनेच पाण्यावर वर राहिले पाहिजे आणि थोड्या रेट्यात घसरले पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, फळीचे घनफळ. ते लिटरमध्ये असते आणि बहुधा फळीवर लिहिलेले असते. एक लिटर पाणी बाजूला सारले की साधारण एक किलो वजन तरते. साठ किलोचा माणूस आणि दहा किलोची फळी मिळून सत्तर झाले. सत्तर लिटरची फळी त्याला जेमतेम बुडू देणार नाही, पण ती स्वतः पाण्याखाली जाईल आणि तो डळमळत राहील. म्हणून नवशिक्याने आपल्या वजनाच्या किमान दुप्पट लिटरची फळी घ्यावी. साठ किलोला एकशेवीस, ऐंशी किलोला एकशेसाठ. थोडी जास्त चालेल, कमी नको.

दुसरी, रुंदी. तीस ते चौतीस इंच असावी, लांबी दहा फुटांच्या आसपास. मालवणकडे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला आडव्या काठ्यांनी एक लाकूड बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. फळीची रुंदी तेच काम करते. शेपटाकडचा भागही रुंद हवा. निमुळत्या शेपटाची फळी मोठ्या, उभ्या लाटेसाठी असते. लहान लाटेत तिचे शेपूट खाली बसते आणि लाट पुढे निघून जाते.

तिसरी, बाक. फळी जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. केळ्यासारखी वाकलेली असेल तर ती उभ्या लाटेवरून उतरताना नाक बुडू देत नाही. पण फुसक्या लाटेत तीच फळी पुढचे पाणी ढकलत बसते. आपल्याला हवी सपाट, नाकाशी थोडीशीच उचललेली. पुरातल्या रबरी होडीची आठवण येथे व्हावी. रुंद आणि सपाट बुडाला उथळ, संथ पाणी मानवते.

चौथी, खालचे पंख, म्हणजे फिन. फळी सरळ जावी म्हणून ते असतात. आपल्या किनाऱ्यांचा उतार मंद असतो, म्हणून तर लाट उभी न राहता ढासळते. लाट तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीवर आली की फुटू लागते. म्हणजे दोन फुटी लाट अडीच फूट पाण्यात फुटणार. एवढ्या उथळ पाण्यात लांब फिन वाळूत रुतते आणि माणूस तोंडावर पडतो. आखूड फिन बरे.

टणक की हवेची?

टणक फळी लाटेवर उत्तम वळते, पण दहा फुटांची वस्तू आपण ठेवणार कुठे? आपल्या खोलीत कपाट लावायला जागा नसते, आणि लोकलच्या डब्यात ती नेणार कशी? हवेची फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावते. ती साधी रबरी गादी नसते; आत वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेला असतो, म्हणून बारा-पंधरा पौंड दाब भरला की ती लाकडासारखी ताठ होते. तिच्या कडा जाड आणि गोल असल्याने ती पाण्याला चावत नाही, लाटेवर झटकन वळत नाही. पण शिकण्यासाठी, फुसक्या लाटेसाठी आणि खाडीसाठी ती पुरेशी आहे. लागली तरी इजा कमी. हवा कमी भरली तर मात्र मधे वाकते. आणि वापर झाल्यावर भर उन्हात तशीच ठेवू नये. आतली हवा तापून फुगते आणि शिवण जाते.

विकत घेण्याची घाई करू नये. चांगल्या फळीत कामगाराचा महिन्याभराचा पगार सहज जातो. त्या पैशात मुलांची वह्या-पुस्तके येतात. कोकणात आणि गोव्यात काही ठिकाणी फळी भाड्याने मिळते, शिकवणाराही मिळतो. चार वेगवेगळ्या रुंदीच्या फळ्यांवर उभे राहून पाहावे, मग ठरवावे. वर्षातून एकदाच समुद्रावर जाणाऱ्याला भाड्याचीच फळी परवडते.

वल्हेही मापाचे घ्यावे. खाडीसाठी ते डोक्यापेक्षा वीतभर उंच, लाटेसाठी त्याहून दोन-तीन बोटे कमी. पाते थोडे वाकलेले असते. पाण्यात घालताना पात्याचा कल आपल्यापासून दूर, पुढच्या दिशेला हवा. पुष्कळ लोक ते उलटे धरतात आणि दमतात.

आधी जीव, मग खेळ

सकाळी लवकर पाण्यात उतरावे. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून हलका वाहतो आणि पाणी गुळगुळीत असते. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा विस्कटतात. मतलई जोरात असेल तर तो माणसाला आत समुद्राकडे नेतो, हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात या खेळाचे नाव काढू नये.

अंगात तरंगते जॅकेट प्रत्येकाच्या हवे, पोहता येणाऱ्याच्याही. समुद्रात फळीची दोरी घोट्याला बांधावी, म्हणजे पडल्यावर फळी हाताशी राहते. वाहत्या नदीत मात्र घोट्याची दोरी झाडाच्या फांदीत अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी दोरी लागते. पडताना आडवे, पसरून पडावे. उथळ पाण्यात सूर मारू नये. इतर लोक आंघोळ करत असतील तिथून दूर राहावे, कारण सुटलेली फळी कुणाच्याही डोक्यात बसू शकते. बायकांनी साडीऐवजी सलवार किंवा पायजमा घालावा. ओला पदर पायात अडकला की तोल जातो.

तिसऱ्या दिवशी आमच्यातले पाच जण लाटेवर काही क्षण तरी उभे राहिले. भाचाही त्यात होता, रुंद फळीवर. वहिनी दोनदा उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी किनाऱ्यावरच्या मुलीला हात केला.

परतीच्या गाडीत एकच विषय होता. आपल्या मुलांना पोहायला कुठे आणि कधी घालायचे? बदलापूरहून, अंबरनाथहून, उल्हासनगरहून लोकलने जाता येईल असा एखादा जलतरण तलाव शोधावा, शिकवणारा पाहावा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर मुलींनाही पाठवावे. दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन बोलणी केली तर फीही कमी होते. फळी भाड्याने मिळते, वल्हे भाड्याने मिळते. पोहणे मात्र ज्याचे त्यानेच शिकावे लागते. ते एकदा अंगी आले की देवबागची फुसकी लाट मौज देईल, आणि कोंडेश्वरच्या कुंडाशी उभे असताना आपल्या मुलाला पाणी ओळखण्याची अक्कल असेल.