काटा खाली आला म्हणून लगेच इंजिन खोलायचे का?



खाखरे, पापड आणि पर्वतिथींचे नियम वाचायला येणाऱ्यांना आज इंजिनातल्या ऑइलबद्दल वाचावे लागणार आहे. पण विषय आपल्या घरातलाच आहे. जुनी जीप, जुना मिक्सर किंवा जुने दुखणे असलेले माणूस, कोणाच्याही बाबतीत एका लक्षणावरून निकाल द्यायची आपल्याला घाई असते. त्या घाईतून आम्ही नुकतेच कसे बाहेर आलो ते सांगते.

आमच्याकडे महिंद्राची जुनी डिझेल जीप आहे, सासऱ्यांनी घेतलेली. महिंद्रा कंपनी सुरुवातीला मुंबईत विलीज जीप जुळवत असे, त्याच कुळातली ही. भिवापूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जायचे तर चारही चाकांना ओढ लागते, आणि मिरचीच्या तोड्याच्या दिवसांत शेतापर्यंत हीच पोहोचते. मुलाचे म्हणणे, हिचे वय झाले, आता विकून टाकू. पण हिच्याकडे आणखी एक काम आहे, ते म्हणजे विहारसेवा.

चातुर्मास संपला की साध्वीजींचे विहार सुरू होतात. नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूर आणि पुढे चिमूर-वरोऱ्याच्या बाजूने भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाकडे जाणाऱ्या साध्वीजी आमच्या गावी थांबतात. त्या अनवाणी चालतात, वाहनात बसत नाहीत आणि आमच्याकडे वाहन मागतही नाहीत. काळजी आपली, श्रावकांची असते. हिवाळ्यात सूर्योदयानंतरही या रस्त्यावर धुके असते आणि मागून ट्रक येतात. रस्त्यावर विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. म्हणून मंडळातल्या चार बायका आणि तरुण मुले बरोबर चालतात, आणि मागे थोडे अंतर ठेवून चारही इंडिकेटर लावलेली आमची जीप.

आता गंमत बघा. साध्वीजी ताशी चार-पाच किलोमीटर चालतात. त्यांच्यामागे जीप न्यायची म्हणजे लो गियरमध्ये, इंजिन जवळजवळ आयडलवर, तेही दीड-दोन तास. इंजिन पूर्ण तापलेले आणि फेरे अगदी कमी. ऑइलचा दाब सर्वांत कमी असतो तो नेमका याच स्थितीत. एरवी शेतात किंवा बाजारात जाऊन येताना जे कधी दिसले नाही, ते उमरेडहून येताना दिसले. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा हळूहळू उतरत शून्याला टेकला.

ड्रायव्हर भाऊंनी त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. हे मुद्दाम लिहिते, कारण कोणतीही गाडी असो, ऑइलचा लाल दिवा लागला किंवा काटा पडला की तिथेच थांबायचे. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणणाऱ्याचे इंजिन त्या पुढच्या गावाआधीच जाम होऊ शकते. त्या दिवशी मुलांनी लाल झेंडे घेऊन मागची बाजू सांभाळली आणि साध्वीजी सुखरूप आल्या. त्यांची गावात पाच दिवसांची स्थिरता होती, त्यानंतर चिमूरकडे विहार. म्हणजे आमच्या हातात पाच दिवस होते.

पहिल्या संध्याकाळीच तीन मते आली. भाऊ म्हणाले, "काकू, काटा खोटं बोलून राहिला. इंजिनाचा आवाज चांगला आहे, सेंडर गेला असन." ज्या मिस्त्रीला दाखवले तो म्हणाला, "मेटल गेले. इंजिन खोला लागते." अंदाज त्याने सत्तर हजारांचा दिला. दीर म्हणाले, काही खोलू नका, जाड ऑइल टाका, काटा आपोआप वर येईल. मुलाने सत्तर हजारांचा आकडा ऐकला आणि भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

मी कॉमर्सची. बँकेचे पासबुक आणि आपले कॅशबुक जुळत नसेल तर बँक चुकली की आपण, हे आधी ठरवत नाहीत. एकेक नोंद टिक करत जायचे, फरक आपोआप सापडतो. ह्यांना म्हटले, इथेही तसेच करू. आधी फुकटातल्या तपासण्या, मग स्वस्तातल्या आणि खोलायचे सगळ्यात शेवटी.

त्याआधी दाब म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घेऊ. इंजिनाच्या खाली चेंबरमध्ये ऑइल साठलेले असते. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि क्रँकच्या मेटलपर्यंत ढकलतो. मेटल म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या. क्रँक आणि मेटल यांच्यात केसाएवढी फट असते आणि तिथे ऑइलचा पातळ थर राहतो. क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. पंप ऑइल ढकलतो आणि ती फट त्याला सहज जाऊ देत नाही, त्या अडवण्यातून दाब तयार होतो. फडक्यात दही बांधले तर चक्का राहतो, ताक ओतले तर सरळ गळून जाते. म्हणजे दाब कमी होण्याची मुख्य कारणे चार. ऑइल कमी असणे, ऑइल पातळ होणे, फटी वाढणे म्हणजे मेटल झिजणे, किंवा पंपाकडून ऑइल पुरेसे न येणे. या शेवटच्यात तुंबलेली जाळी, झिजलेला पंप आणि उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह हे तिन्ही आले. पाचवी शक्यता, सगळे ठीक आहे आणि काटाच चुकतो आहे.

आता तपासण्या.

पहिली, डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून पट्टी पुसायची, पुन्हा घालायची आणि बघायची. आमची पातळी कमी नव्हती. उलट वरच्या खुणेच्याही वर होती! कोणी ऑइल टाकले नव्हते, मग वाढले कसे? हिशेबात शिल्लक कमी निघाली की सगळे जागे होतात, जास्त निघाली की कोणी विचारत नाही. पण जास्त शिल्लक हीसुद्धा चूकच असते. पट्टीवरचा थेंब बोटांवर चोळला तर पाण्यासारखा सुटत होता, आणि त्याला डिझेलचा वास होता. दुधट रंग असता तर पाणी शिरले असे समजायचे, तसे नव्हते.

दुसरी, काट्याची साक्ष दुसऱ्या साक्षीदाराकडून घेणे. सेंडर म्हणजे दाब मोजून काट्याला विजेने कळवणारा छोटा भाग. तो काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावतात. त्यात वीज नाही, वायर नाही, ऑइलचा दाब थेट काट्यावर येतो. नागपूरहून गेज मागवले आणि गावातल्याच दुसऱ्या मिस्त्रीकडून लावून घेतले. मोजायचे तीनदा, थंड इंजिनावर आयडलला, गरम इंजिनावर आयडलला आणि गरम इंजिनावर २००० फेऱ्यांना. गरम म्हणजे खरेच गरम, दारात पाच मिनिटे चालवून नव्हे. भाऊंनी शेतरस्त्यावर लो गियरमध्ये चाळीस मिनिटे जीप फिरवली, डोळा गेजवर आणि हात बंद करायच्या दोरीवर ठेवून.

आकडे असे आले. थंड आयडल ३८ पौंड, गरम आयडल ७ आणि गरम २००० फेऱ्यांना २६. ढोबळ नियम असा की गरम इंजिनात दर १००० फेऱ्यांमागे १० पौंड तरी दाब हवा. म्हणजे फेऱ्यांवर बरे होते, आयडलला मात्र धोक्याच्या जवळ. पंपाकडे ऑइलच येत नसते किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर थंडीतही आणि फेऱ्यांवरही दाब पडलेला दिसला असता. जाळीतून हवा ओढली जात असती तर काटा थरथरला असता. आमचा काटा थंडीत चांगला आणि तापल्यावर खाली, पण स्थिर होता. म्हणजे एक तर ऑइल पातळ, नाही तर फटी मोठ्या.

आणि ऑइल पातळ आहे हे पट्टीने आधीच सांगितले होते. मग डिझेल आले कुठून? या जुन्या इंजिनाच्या अंगालाच टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप असतो. मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात, गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. त्यात एक रबरी पडदा असतो. तो फाटला की डिझेल थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरते. पंप काढला तर पडद्याला बारीक चीर. नवा पंप, नवे १५ डब्ल्यू ४० ऑइल, नवा फिल्टर. गेजसकट सगळे पाच हजारांच्या आत.

पुन्हा त्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ. थंड ४५, गरम आयडल १५, गरम २००० फेऱ्यांना ३६. पाचव्या दिवशी जीप चिमूरच्या रस्त्याला साध्वीजींच्या मागे होती.

स्थिरतेत साध्वीजींनी व्याख्यानात अनेकांतवाद घेतला होता. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि 'सगळ्यांचे थोडे थोडे खरे' एवढ्यावर सोडून देतो. मला वाटते अनेकांत ही काम करायची रीत आहे. भाऊंचे एवढे खरे की मेटलचा ठोका नव्हता. पण काटा खोटा नव्हता आणि त्यांच्या भरवशावर तसेच पुढे गेलो असतो तर इंजिन गेले असते. मिस्त्रीचे एवढे खरे की १५ पौंड हे काही नव्या इंजिनाचे लक्षण नाही, फटी थोड्या वाढल्याच आहेत. पण तेवढ्यासाठी आज इंजिन खोलायची गरज नव्हती. दिरांचे खरे, दाबाचा आणि जाडीचा संबंध आहेच. पण जाड ऑइलातही डिझेल मिसळतच राहिले असते, आणि काटा काही दिवस वर दिसल्याने चीर तेवढे दिवस झाकली गेली असती. प्रत्येकाने हत्तीचा एकेक भाग धरला होता. भांडत बसण्यापेक्षा प्रत्येकाच्या म्हणण्याची परीक्षा कशी घ्यायची हे ठरवले, तेव्हा हत्ती दिसला.

आणि यात जयणा आहे. वाहन चालवणे म्हणजे हिंसा आहेच, गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही. मग निदान जेवढे आवश्यक तेवढेच करावे. विनाकारण इंजिन खोलणे, चांगले सुटे भाग फेकणे आणि चालती गाडी भंगारात घालून नवी आणणे हाही परिग्रह आणि आरंभच. काढलेले ऑइल नालीत किंवा कुंपणाकडेला ओतू दिले नाही. मुंग्या, किडे, मातीतले जीव सगळे त्यात मरतात, आणि कायद्यानेही ते धोकादायक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून, झाकण लावून, पुनर्वापरासाठी जुने ऑइल घेणाऱ्याकडे पाठवले.

आता किराण्याच्या वहीत मागची चार पाने जीपला दिली आहेत. दर पंधरा दिवसांनी पक्खीच्या दिवशी नोंद करायची, कारण तो दिवस विसरला जात नाही. तारीख, किलोमीटर, पट्टीची पातळी, वास आणि गरम आयडलचा आकडा. दाब १५ वरून हळूहळू १२, मग १० असा उतरू लागला आणि ऑइल मात्र स्वच्छ असले, तर मेटलची वेळ आली असे समजू. तेव्हा इंजिन खोलू आणि मुलगा म्हणेल तर विकण्याचाही विचार करू. तोपर्यंत सहा नोंदी झाल्या आहेत आणि सहाही वेळा आकडा १५ च्या आसपास आहे.

तुमच्या भागातून विहार होत असतील आणि मागे चालणारी गाडी जुनी असेल, तर त्या गाडीची पट्टी आदल्या दिवशी एकदा नक्की बघा. पातळी कमी असली तरी विचारा, आणि जास्त असली तरीही.

जय जिनेंद्र.