ओझरची मिग आणि गोपुंचा चीन

पिंपळगावात आमच्या लहानपणी चीन आभाळातून ऐकू यायचा. डोक्यावरून मिग विमान गेलं की कांदा निवडणाऱ्या बाया वर बघायच्या, आणि कुणीतरी म्हणायचं, "चिन्यांसाठी चाललीय तयारी." ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४चा. मिगचा रशियाशी करार खरं तर १९६२च्या चीन युद्धाआधीचा. पण गावानं सगळं बासष्टच्याच खात्यावर मांडलं होतं. का मांडू नये? बासष्टमध्ये संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण पुढच्याच वर्षी आमच्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते.

अशा दिवसांत चीनचा अभ्यास हा कुणाचा पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे गावात कुणाला पटलं नसतं. तो करणाऱ्याचा जन्म मात्र नाशिकचाच, १९३८चा. गो. पु. देशपांडे, म्हणजे गोपु. वाढले साताऱ्याकडे, रहिमतपुरात. महाराष्ट्राला ते 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चे नाटककार म्हणून ठाऊक. दिल्लीत जेएनयूमध्ये ते चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते, हे टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांच्या गावी असेल कोण जाणे.

त्या पिढीतल्या चीन-अभ्यासकांचं काम चिवट. युद्धानंतर १९७६पर्यंत दोन्ही देशांत एकमेकांचे राजदूतसुद्धा नव्हते; तिथे जाऊन बघण्याची गोष्टच सोडा. चिनी वर्तमानपत्रं मिळतील तशी वाचायची. समारंभाच्या फोटोत माओंच्या शेजारी कोण उभं, कोण गळालं, त्यावरून पक्षातली उलथापालथ ताडायची. एवढ्याशा शिदोरीवर गोपुंनी विषय धरला तो चीनच्या आफ्रिका धोरणाचा. तेव्हा ती आडवाट वाटली असेल. २०१७मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत चीनचा लष्करी तळ उभा राहिला, आणि आता त्या वाटेवर गर्दी मावत नाही.

आज बाजार समितीत लिलाव चालू असतो आणि निम्म्या हातांत ओप्पो-विवो. मलेशियात चिनी कांदा काय भावानं उतरतोय, हे व्यापारी सकाळीच काढून ठेवतो. २०२०च्या गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर तर चहाच्या टपरीवर तज्ज्ञांना तोटा नाही. मूळ चिनी वाचू शकणारा माणूस मात्र तेव्हाइतकाच विरळा, आणि मला ही काळजीची गोष्ट वाटते.

गोपु २०१३मध्ये गेले, पण फोटोवरून ताडण्याचं ते काम संपलं नाही. २०२२च्या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात शी जिनपिंगांच्या शेजारून माजी राष्ट्राध्यक्ष हू जिंताओंना दंडाला धरून उठवलं, ती चित्रफीत आमच्या गावातल्या पोरांनीही फोनवर पाहिली. चिनी सरकारी वृत्तसंस्था म्हणाली, तब्येत बरी नव्हती. बाहेरचे जाणकार पुन्हा तेच करत बसले: कोण कुठल्या खुर्चीवर, कोणी मान वळवली, कोणी नाही.