पत्त्याचा रकाना

नाशिकला गंगापूर रोडवर जेहान सर्कलच्या अलीकडे माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. आसपासच्या सीए मंडळींचा आणि कारखानदारांचा डेटा बॅकअप आम्ही सांभाळतो. मध्यंतरी मी विकेंद्रित क्लाऊड घेतला, कारण तो स्वस्त पडत होता. गिऱ्हाइकाला मात्र एवढंच सांगायचो, "क्लाऊडवर आहे, काळजी नको."

ऑक्टोबरात एका सीए मॅडमचा फोन आला. सातपूरच्या एका प्रायव्हेट लिमिटेडची वार्षिक पत्रकं भरायची होती. "हिशेब क्लाऊडवर असतील तर तिथला पत्ता आरओसीला, म्हणजे कंपन्यांच्या रजिस्ट्रारला, कळवावा लागतो. काय लिहू?"

"तसा एक पत्ता नाहीये, मॅडम."

"अहो, रामकुंडावर गाव-आडनाव सांगितलं की उपाध्ये पणजोबांच्या सहीची वही काढून देतात. तुमच्या क्लाऊडला तेवढंही जमत नाही?"

मला हसू आलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. स्टोर्जसारख्या विकेंद्रित सेवेत फाइल आधी एन्क्रिप्ट होते. मग तिच्या प्रत्येक भागाचे अनेक तुकडे होऊन देशोदेशीच्या अनोळखी लोकांच्या मशिनवर जातात. त्यातले कुठलेही ठरावीक संख्येइतके हाती आले, की तो भाग पुन्हा जुळतो. मशिनच्या मालकाला आतलं काही वाचता येत नाही. म्हणजे मी "काळजी नको" म्हणत होतो ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. कारण कंपन्यांच्या लेखाविषयक 2014 च्या नियमांनुसार हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो, आणि ऑगस्ट 2022 पासून तो रोजच्या रोज लागतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "हे आधी सांगितलं असतं तर फोनच केला नसता," एवढंच म्हणाल्या. त्या कंपनीची रोजची प्रत मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हलवली. मग उरलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. दोघं सोडून गेले. लग्नाचे फोटो ठेवणारा एक फोटोग्राफर म्हणाला, "राहू द्या तिथंच. फोटो परत मिळाल्याशी मतलब."

आता आमच्या फॉर्मवर दराच्या वर एक रकाना आहे: डेटा कुठं राहतो. तो भरल्याशिवाय मी सही घेत नाही.