रविवारची चूल

लग्न ठरलं तेव्हा माझी एकच अट होती: रविवारी घरात स्वयंपाक होणार नाही. मानपान, दागिने, मांडव यांबद्दल मी काहीच म्हटलं नाही. या एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलले, आणि पुढे बरीच वर्षं आम्ही दोघांनी ती अट पाळली. आज आमच्याकडे आठवड्यातला सगळ्यांत मोठा स्वयंपाक रविवारीच होतो. तो मला हवा असतो आणि शुक्रवारपासूनच तो माझ्या डोक्यात घोळत असतो. माझं मत बदललं आहे. ते कशानं बदललं आणि त्यातलं किती अजून जागच्या जागी आहे, हे नीट सांगायला हवं, कारण पहिलं मतही मी सहज बनवलेलं नव्हतं.

ते आईकडे बघून तयार झालं होतं. रविवारी बाबांना सुट्टी, आम्हा भावंडांना सुट्टी, आणि नेमकी म्हणूनच आईच्या कामात भर. शनिवारी रात्री डाळ-तांदूळ वाटून ठेवायचे, सकाळी इडल्या, दुपारी कुणीतरी जेवायला, म्हणजे मसालेभात, कोशिंबीर, पुऱ्या. संध्याकाळी आठवड्याची भाजी निवडायची. ती जेवायला बसायची तेव्हा बाबांची दुपारची झोप अर्धी झालेली असायची. आईनं कधी तक्रार केली नाही. तिच्या वतीनं ती मी केली, माझ्या घरातली चूल एक दिवस बंद ठेवून.

पुढे कॉलेजात नारायण मेघाजी लोखंड्यांविषयी वाचलं आणि या मताला इतिहासाचा आधार मिळाला. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून हा सत्यशोधक माणूस १८८४ पासून झगडत होता. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या तपशिलात मी अडकले ती त्या दोघींपाशी. सुट्टी मिळाल्यावर त्या घरी गेल्या असतील आणि तिथली दुसरी पाळी तशीच सुरू राहिली असेल, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. गिरणीचा भोंगा थांबवता येतो. घरातल्या चुलीला भोंगाच नसतो.

ही फार जुनी गोष्ट नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन पुरुषांच्या दिवसात हे काम येतच नव्हतं. हे आकडे वाचल्यावर आपली अट जरा सौम्यच होती, असं मला वाटलं होतं.

त्या बंद चुलीनं मला एक मोठी गोष्ट दिली: रविवारची सकाळ. त्या मोकळ्या सकाळी मी पळायला लागले. आम्ही पौड रस्त्याच्या बाजूला राहतो, त्यामुळे वेताळ टेकडी जवळ. आधी चालत चढायचे, मग वरच्या सपाटीवर थोडं पळायचे, मग खाणीपर्यंत, मग पलीकडच्या टोकापर्यंत. दीड तास कुणीही मला काही विचारत नसे. डबा, पाणी, धोब्याचे कपडे, कुणाचा वाढदिवस, काहीही नाही. श्वास, पावलं आणि समोरची पायवाट एवढंच. स्वयंपाकघर म्हणजे बंधन आणि टेकडी म्हणजे सुटका, अशी सरळ विभागणी माझ्या मनात झाली होती, आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

नवरा शनिवारी माझ्याबरोबर यायचा. त्याचा वेग माझ्यापेक्षा कमी, म्हणून शनिवारी बोलता बोलता धाप लागणार नाही इतपतच पळायचं, असं ठरलेलं. ते पळणं कमी आणि गप्पा जास्त असत. रविवारचं लांब पळणं माझं एकटीचं. परत आल्यावर आम्ही बाहेर खायला जायचो. मिसळीच्या दुकानासमोर नाव लिहून रांगेत उभं राहायचं, दुपारी कुठे तरी थाळी, रात्री उरलंसुरलं किंवा मागवलेलं. काही वर्षं हे छान चाललं.

मग मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केली. गावातून यवतेश्वरच्या घाटानं वर जायचं आणि त्याच रस्त्यानं उतरायचं, २१ किलोमीटर. त्यासाठी टेकडीच्या चढावर पुन्हा पुन्हा पळावं लागे, आणि घरी येईपर्यंत अंगातलं सगळं संपलेलं असे. लांब पळण्यात स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा उतरतो. तो भरून यायला लवकर काहीतरी भात-भाकरीसारखं पोटात जावं लागतं, सोबत थोडं डाळ-दूध. अशा वेळी तर्री घशाखाली उतरत नसे आणि रांगेत उभं राहायची ताकदही नसे. एका रविवारी मी आले तर नवऱ्यानं मऊ भात, मेतकूट आणि तूप काढून ठेवलं होतं. अट मोडली म्हणून मी काही बोलले नाही. जेवले आणि झोपले.

इथे माझं मत बदललं असं सांगितलं तर गोष्ट फार सोपी होईल. तसं झालं नाही. पुढचे काही महिने तो रविवारी काहीतरी करायचा आणि मला विचारत राहायचा. कुकरला पाणी किती? हिंग कुठल्या डब्यात? कोथिंबीर आणायची का? टेकडीवर असतानाही फोन यायचा. मी पातेलं उचलत नव्हते, पण घरातलं काय संपलंय, काय नासणार आहे, कशानंतर काय करायचं, हे सगळं अजून माझ्याच डोक्यात होतं. हाताचं काम त्याच्याकडे गेलं होतं, डोक्याचं माझ्याकडेच होतं, आणि दोहोंत जड तेच आहे. मी त्याला हे सांगितलं. वाद झाला, मग पुन्हा बोलणं झालं. शनिवारच्या संथ पळण्याचा त्या दिवसांत खरा उपयोग झाला, कारण टेकडीवर शेजारी शेजारी पळताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत आणि त्यामुळे अवघड गोष्टी बोलता येतात.

त्यानं ते मनावर घेतलं. माझ्या आईला फोन करून विचारलं, त्याच्या आईला विचारलं, वहीत लिहून ठेवलं. मंडईतून भाजी आणायला जायला लागला. कुठलं वांगं भरीताचं आणि कुठलं भरून करायचं, हे त्याला कळायला लागलं. हळूहळू फोन यायचे थांबले. मग एक वेळ अशी आली की रविवारी मी टेकडीवरून उतरले, घरात आले, आणि घरात माझ्यावाचून काहीही अडलेलं नव्हतं. काय करायचं ते ठरलेलं होतं, सामान आणलेलं होतं, ओटा त्याच्या पद्धतीनं मांडलेला होता.

तेव्हा मला आत जावंसं वाटलं. जिथे आपल्यावाचून अडतं, तिथे आपण जातोच. त्यात आपली इच्छा किती आणि नाइलाज किती, हे कळायला मार्गच नसतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते वेगळं करून बघता आलं. मला भूक होती, कांदा परतल्याचा वास येत होता, आणि मला कुणी बोलावलं नव्हतं. मी हात धुतले आणि थालीपीठ थापायला बसले, आणि मला ते मनापासून आवडलं.

तेव्हापासून रविवार पालटला, आणि तो सगळ्यांत जास्त शरदात जाणवतो. शरद म्हटलं की चांदणं आठवतं, पण पुण्यातला शरद दिवसा तापतो. पाऊस माघारी जातो, आभाळ निवळतं, जमिनीत ओल असते आणि वर लख्ख ऊन. त्यामुळे पळायचं ते उजाडतानाच. टेकडीवरचं गवत तेव्हा गुडघ्याच्या वर आलेलं असतं आणि हिरव्याचं पिवळं व्हायला लागलेलं. शेपटी हलवत परीट पक्षी पायवाटेवर धावताना दिसायला लागले की थंडी फार लांब नाही हे कळतं. मोज्यांत कुसळं भरतात. ओलाव्यानं त्यांच्या शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं बी मातीत शिरतं. मोज्यात शिरण्याचं त्यांचं कसबही तेच असावं. घरी आल्यावर दाराशी बसून आम्ही ती उपसतो. संध्याकाळी रस्त्यावर सातविणीचा दाट वास पसरलेला असतो आणि पहाटे बुचाची फुलं पडलेली असतात.

आणि स्वयंपाकघरात याच दिवसांत सगळ्यांत चांगला माल येतो. ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या. नवी बाजरी आलेली असते. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ घालून घारगे तळायचे. दुसऱ्या दिवशी पळायच्या आधी एक घारगा खाल्ला की पुरतो. सासवडकडची सीताफळं येतात. कोजागरीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं टेबलाशी बसून गर काढतो. हे एकट्यानं करायचं काम नव्हेच. बिया निघता निघत नाहीत, हात चिकट होतात आणि गप्पांना अंत नसतो. दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच त्यात गर घालायचा, कारण गरम दुधात तो कडवट होतो. हे नवऱ्यानं माझ्या आईकडून शिकलेलं. मला माहीत नव्हतं.

भाजणी मात्र मी माझ्याकडे घेतली आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, थोडे गहू, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. सगळं एकदम टाकलं तर बाजरी करपते आणि डाळ कच्ची राहते. ज्वारीचा वास बदलतो तो क्षण पकडायचा, मग ती उतरवायची, मग पुढचं धान्य. सगळं गार झाल्याशिवाय गिरणीत न्यायचं नाही. तास-दीड तास मी एका कढईशी उभी असते आणि कुणीही मला काही विचारत नाही. टेकडीवर मला जे मिळत होतं, तेच मला इथे मिळालं. एकच लय, एकच काम, डोकं हळूहळू शांत होत जाणं. पळणं आणि रांधणं ही दोन टोकं आहेत, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता मला दोन्ही एका जातीची वाटतात. दोन्हींत शरीर राबतं, दोन्हींत घाई केली की बिघडतं, आणि कष्ट कुणी लादलेले नसले तर दोन्हींतून माणूस ताजा होऊन बाहेर येतो.

माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘‘शेवटी तूही गेलीस ना स्वयंपाकघरात!’’ तिच्या बोलण्यात काळजी होती आणि ती मला पटते. बायकांनी स्वयंपाक आवडतो म्हणायचं आणि त्या आवडीच्या नावाखाली तो आयुष्यभर त्यांच्या गळ्यात पडायचा, हे आपण फार पाहिलं आहे. म्हणून माझं जे मत बदललेलं नाही, तेही सांगते. एकटीच्या अंगावर टाकलेलं स्वयंपाकघर हे आजही मला सक्तीचं कामच वाटतं, ते कितीही प्रेमानं केलेलं असो. ती बंद चूल आवश्यक होती. ती बंद राहिली नसती तर मी पळायला लागले नसते, आणि नवऱ्याला ओट्याशी उभं राहायचं कारणच मिळालं नसतं. जिच्या घरात हे अजून झालेलं नाही, तिनं माझा आजचा रविवार बघून ओट्याशी जाऊ नये. तिनं आधी बाहेर पडावं, टेकडीवर, बागेत, मैत्रिणीकडे, कुठेही, आणि घर अडू द्यावं. अडलेल्या घरातच दुसरं माणूस शिकतं.

यंदा दिवाळीला आई आमच्याकडे येणार आहे. चकलीच्या भाजणीचे तांदूळ नवऱ्यानं धुऊन ऑक्टोबरच्या उन्हात वाळवायला घातले आहेत. फराळाची यादी त्यानं केली आहे आणि त्यात आईच्या नावावर एकही पदार्थ नाही. ती म्हणेल, मला काहीतरी करू दे, बसून कंटाळा येतो. तिला करंज्या भराव्याशा वाटल्या तर पाट मांडून देऊ. गॅलरीत बसून नुसतं सांगावंसं वाटलं तर आम्ही ऐकू. सकाळी माझ्याबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत यावंसं वाटलं, तर त्या दिवशी मी पळणार नाही. आयुष्यभर तिला कुणी विचारलं नाही, त्यामुळे काय हवंय हे सांगायला तिला वेळ लागेल. तेवढा वेळ तिला द्यायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.