शक्तिमान बंद पडला ते वर्ष

27 मार्च 2005, रविवार. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही सुपरहिरोची मालिका संपली. डोंबिवलीत त्या दिवशी कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. 13 सप्टेंबर 1997 ला मालिका सुरू झाली तेव्हा चौथीत असलेली पोरं एव्हाना अकरावीत होती, लोकलला लटकून ठाण्याच्या क्लासला जात होती. मागाहून चौथीत आलेल्यांना केबलवर पोगो आणि हंगामा मिळाले होते. दोन्ही वाहिन्या 2004 च्या.

त्यानंतर काय काय गेलं, त्याची ही यादी. क्रम लावलेला नाही.

अँटेना. ठाण्या-कल्याणच्या गच्च्यांवर सगळ्यांची तोंडं वरळीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. एक जण गच्चीवर, एक टीव्हीसमोर, आणि निरोप पोचवायला जिन्यात तिसरा. 2013 मध्ये इथे केबललाही सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तोवर गंजलेले दांडे भंगारात गेले होते.

उघडी गच्ची. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं उड्या मारतात, पेटवून घेतात, अशा बातम्या तेव्हा छापून येत. माझी नक्कल करू नका, असं शक्तिमान झालेले मुकेश खन्ना पडद्यावरून बजावत. आयांचा भरवसा त्यांच्यापेक्षा कुलपावर. ते कुलूप अजून आहे. आता कारण पाण्याच्या टाकीचं सांगतात.

गरगर. शक्तिमानसारखं एक हात वर करून जागच्या जागी फिरणं. चाळीच्या गॅलरीत क्रिकेटला जागा नसे, याला पुरे. चक्कर येऊन पडेल तो किल्विष, म्हणजे मालिकेतला खलनायक.

शनिवारची दांडी. सुरुवातीला मालिका शनिवारी सकाळी लागे, आणि शनिवारी शाळाही सकाळचीच. पुढे ती रविवारी गेली आणि मटणाच्या वासात मिसळली. दूरदर्शन प्रक्षेपणाचं शुल्क वाढवत गेलं म्हणून मालिका थांबवावी लागली, असं खन्ना सांगत आले आहेत. पैशाचा भार खोटा नसणार, पण तेवढंच कारण मला पटत नाही. गोष्टच पातळ झाली होती. खरी गंमत उडण्यात नव्हतीच. ती शक्तिमान एरवी ज्या वेषात वावरे त्याच्या, पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावात होती, त्याच्या पुढे आलेल्या दातांत होती, ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत होती. वैष्णवी महंतची गीता विश्वास बातमी शोधत निघायची, आपल्या अश्विनी काळसेकर शलाका होऊन डोळे वटारायच्या, सुरेंद्र पाल किल्विष होऊन काळोख कायम राहो म्हणून गर्जायचे. पुढेपुढे नुसते नवे राक्षस येत राहिले.

पार्ले-जी. मालिकेचा प्रायोजक. पुडा राहिला. विलेपार्ल्याचा 1929 चा कारखाना 2016 मध्ये बंद झाला आणि लोकलच्या डब्यात शिरणारा बिस्किटांचा वास गेला. (मध्य रेल्वेवाल्यांच्या वाट्याला तो तसाही आला नव्हता.)

शटरचा टीव्ही. त्यावरचं क्रोशाचं कव्हर. गुणगुणणारा स्टॅबिलायझर.

व्हिडिओकॉन. औरंगाबादकडची कंपनी, म्हणून घरात तिचा थोडा अभिमानही. 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

2005 हे सालच वाईट. मार्चमध्ये शक्तिमान गेला. 6 जूनला वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण आली. लोक अजून एमएसईबीच म्हणतात, त्यामुळे वीज मंडळ यादीत धरावं की नाही, कळत नाही. 26 जुलैला उल्हास आणि वालधुनी या नद्या कल्याणच्या घरांत शिरल्या. तळमजल्यांवरचे टीव्ही चिखलातून उपसून काढले, उन्हात वाळवले, दुरुस्तीला टाकले. कित्येकांचे मालक ते न्यायला परतलेच नाहीत. ती दुरुस्तीची दुकानंही गेली. पिक्चर ट्यूब बदलून देणारे हात मोबाइलची कव्हरं विकू लागले.

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. एव्हाना चाळिशीकडे झुकलेल्या प्रेक्षकांनी मुलांना शेजारी बसवलं. मुलांना तारा दिसल्या, निळ्या पडद्याच्या कडा दिसल्या.

बरेच भाग यूट्यूबवर आहेत. बघायचेच तर शेवटाकडून सुरुवात करू नका. पहिले पन्नास बघा. पुढचे सोडलेत तरी चालेल.